मागच्या सीटचा आराम

मी सांगलीकडचा. एका औषधकंपनीत एमआर म्हणून चिकटलो आणि कंपनीने मला कणकवलीला पाठवलं. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. ओरोसला कचेऱ्यांच्या इमारती उठत होत्या, रेल्वेच्या नुसत्या गप्पा होत्या, आणि खारेपाटणपासून दोडामार्गापर्यंतच्या सगळ्या डॉक्टरांकडे आमच्या कंपनीच्या गोळ्या-बाटल्या पोचवायला मी एकटा होतो.

माझ्याकडे बुलेट होती. मिलिटरीतून निवृत्त झालेल्या मामांची. मामांच्या गुडघ्यांना किक झेपेना, म्हणून ती माझ्याकडे आली. भातगिरणीच्या मागे एक खोली भाड्याने घेतली होती. सकाळी गाडी काढायची, बॅग मागच्या सीटवर इलॅस्टिकच्या दोरीने आवळायची आणि निघायचं. दवाखान्यात पेशंट संपेपर्यंत बाकावर बसायचं. मग डॉक्टरांसमोर दोन मिनिटं पाठ केलेलं बोलायचं, नमुने ठेवायचे, हसायचं आणि बाहेर पडायचं. दिवसभरात माझं माणसांशी बोलणं काय व्हायचं ते एवढंच. बाकी सगळा वेळ रस्ता आणि इंजिनाचा आवाज. कधीकधी गाडीवर मी मोठमोठ्याने बोलत जायचो. काय बोलायचो ते आठवत नाही. आईशी बोलायचो बहुतेक. आई गावाकडे होती, धडधाकट होती, पण तिला फोन करायचा तर पोस्टात जाऊन ट्रंककॉल लावायचा आणि शेजारच्या दुकानदाराने तिला हाक मारेपर्यंत थांबायचं. त्यामुळे ते राहूनच जायचं.

रविवारी तर काहीच नसायचं. खानावळवाला रविवारी संध्याकाळी बंद ठेवायचा. मी गाडी धुवायचो. धुवून झाली की परत एकदा पुसायचो.

काका मला पहिल्यांदा भेटले ते कसालच्या तिठ्यावर. मालवणचा रस्ता तिथे हायवेला मिळतो. चहाच्या टपरीसमोर मी गाडी लावली, तर शेजारी एक दोन सिलिंडरची जपानी बनावटीची मोटरसायकल उभी. ही गाडी तेव्हा नवीनच निघाली होती. ताकद बुलेटच्या दुप्पट, आणि सुटली की कानाजवळून गांधीलमाशी गेल्यासारखी जायची. अख्ख्या जिल्ह्यात अशा दोन-तीनच असतील. तिचा मालक कोणी कॉलेजातला पोरगा असेल असं मला वाटलं. पण बाकावरून उठून माझ्या गाडीकडे आला तो पन्नाशीचा, पांढऱ्या केसांचा, उन्हाने रापलेला माणूस. पुढचा बराच काळ मी त्यांना काकाच म्हटलं, म्हणून इथेही तेच म्हणतो.

त्यांनी बुलेटची सीट अंगठ्याने दाबून पाहिली. मग विचारलं, "एव्हरेज किती देता रे ही?"

"तीस-पस्तीस. हायवेला जरा जास्त."

"आणि मागे बसणाऱ्याक धक्के बसतत?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मागे कोणी बसतच नाही."

त्यांनी सीटवर आवळलेल्या बॅगेकडे बघितलं. "मगे ह्या बॅगेक ईचारूक व्हया," म्हणाले, आणि माझ्या चहाचे पैसे देऊन निघून गेले. पण जाताना घरचा पत्ता सांगून गेले. मालवणच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला, माडांच्या बागेत. येत्या रविवारी ये, आणि गाडी घेऊनच ये.

मी गेलो. रविवारी कोणी बोलावलंय म्हटल्यावर न जाण्याचा प्रश्नच नव्हता.

काका बोटीवर इंजिनीयर होते. वीसेक वर्षं मालवाहू बोटींवर काढून गेल्याच वर्षी कायमचे घरी आले होते. घर चांगलं ऐसपैस होतं. पुढे खळं म्हणजे अंगण, मागे विहीर, आणि माडांच्या पलीकडे समुद्र. पण घरात एकच खोली वापरातली दिसत होती. बाकी खोल्यांची दारं ओढून घेतलेली. स्वयंपाकघरात एक स्टोव्ह, एक पातेलं, एक ताट. त्यांनी स्वतः बांगड्याचं तिखलं केलं होतं. मी सांगलीचा, मासे नुकते कुठे खायला शिकलेला. काटे काढत बसलो तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. मग एकदम म्हणाले, "ह्या घरात दोन वाढपां झाली तेका लय दिस झाले." वाढपां म्हणजे वाढलेली ताटं.

काकी कुठे आहेत ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, पण एका दिवसात नाही. तुकड्या-तुकड्याने, नट पिळताना, प्लग साफ करताना. लग्न झालं तेव्हा ते बोटीवर लागलेच होते. वर्षातून दीड-दोन महिने घरी. मूल झालं नाही. काकी सासूबरोबर राहायच्या. सासू गेली, मग एकट्याच राहिल्या, बरीच वर्षं. आणि एका श्रावणात घर बंद करून दोडामार्गाजवळ भावाकडे निघून गेल्या. काका तेव्हा कुठल्या तरी दूरच्या बंदरात होते. त्यांना ते कळलं तेही काही महिन्यांनी.

निवृत्त होऊन आल्यावर ते एसटीने मेहुण्याकडे गेले. काकींनी चहा दिला, जेवायला वाढलं. "चल घराक" म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "माझी पाठ दुखता. एसटीत बसाक जमाचा नाय."

काका परत आले आणि त्यांनी मोटरसायकल घेतली.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जराही गंमत नव्हती. ते इंजिनीयर होते. अडचण काय, तर पाठ. एसटीचे धक्के पाठीला सोसत नाहीत; ठीक आहे, धक्के न देणारं वाहन आणायचं. ताकदवान घेतलं, कारण चढाला ओढाताण झाली की मागच्या माणसाला हिसका बसतो असा त्यांचा हिशोब. पण गाडी घरी आल्यावर शंका सुरू झाली की आपण चुकीची घेतली की काय. म्हणून ते रस्त्यावर दिसेल त्या मोठ्या गाडीवाल्याला थांबवून मागच्या सीटबद्दल विचारत होते. आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. माझं लग्न झालं नव्हतं. बाईमाणसाने पाठ दुखते म्हटलं तर पाठच दुखत असणार, असंच मी धरून चाललो.

मग आमचे रविवार परीक्षेत जाऊ लागले.

पहिली परीक्षा तांब्याची. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने मागे बसून पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर धरायचा. मालवणच्या बाजाराला वळसा घालून चौके गावापर्यंत जाऊन यायचं आणि किती पाणी उरलं ते बघायचं. काकांचा आग्रह असा की मागच्याने बायका बसतात तसं एका अंगाला बसायचं, नाहीतर परीक्षेला अर्थ काय? त्यामुळे बुलेटवर मी पुढे आणि पांढऱ्या केसांचे काका मागे, दोन्ही पाय एका बाजूला, हातात तांब्या, असे आम्ही मालवणच्या बाजारातून गेलो. मासळीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या. एक ओरडली, "अगो बघ गो, व्हकल खंय चल्ली!" व्हकल म्हणजे नवरी. सगळा बाजार हसला. काका हसले नाहीत. त्यांचं लक्ष तांब्यात होतं.

मग जपानी गाडीवर आम्ही जागा बदलल्या. मी मागे बसलो. ती गाडी सुटताना अंगात आल्यासारखी सुटायची. पहिल्याच गियरमध्ये अर्धा तांब्या माझ्या पँटवर आला. पाय ठेवायची जागा उंच, सीट कडक. पण सपाट रस्त्याला लागलो आणि काकांनी एका वेगात गाडी धरली तेव्हा मात्र ती तेलावरून गेल्यासारखी गेली. बुलेटची ती धकधक नाही, काही नाही. फक्त पायांच्या तळव्यांतून बारीक थरथर चढत होती, आणि उतरल्यावर बराच वेळ पायांना मुंग्या येत होत्या.

"म्हणजे रस्तो बरो आसलो तर माझी, आणि खड्डे आसले तर तुझी," काका म्हणाले.

"बुलेटचे शॉकअप जुने आहेत, काका. नवीन टाकले तर आणखी बरी होईल."

त्यांनी नवीन टाकून दिले. मला न विचारता, मी आत चहा करत असताना. सीटचा फोम काढून त्याखाली काथ्याचा थर घातला आणि वरून परत शिवून घेतली. साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी बसवली. माझी गाडी हळूहळू माझ्या न झालेल्या बायकोसाठी तयार होतेय असं मला एकदा वाटून गेलं. त्या रात्री खोलीवर मला नीट झोप लागली नाही.

दुसरी परीक्षा पेट्रोलची. टाक्या रिकाम्या करायच्या, दोन्हींत सारखं मोजून पेट्रोल घालायचं, आणि एकाच रस्त्याने, एकाच वेगाने गाडी बंद पडेपर्यंत जायचं. जपानी आधी बंद पडली, ओरोसच्या पुढे. बुलेट तिच्या दीडपट गेली. जपानीला वेगळं ऑइल लागायचं ते निराळंच. मला ही परीक्षा कशाला हवी ते कळत नव्हतं. काकांना पेट्रोलची तशी काळजी करण्याचं कारण नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाले, "तिका घेवन येताना वाटेत थांबूचा नाय. सावंतवाडीच्या पंपार तिच्या म्हायेरची कोण ना कोण भेटतली. ईचारतली, गो, खंय चल्लंस? मगे ती उतारली म्हणजे?"

एवढा सगळा विचार त्यांनी केला होता. रस्त्याचा केला होता, पंपाचा केला होता, ऊन कुठल्या बाजूने येईल याचाही केला होता.

शेवटी ठरलं. दोडामार्गाकडचा रस्ता खड्ड्यांचा, म्हणून काकींना आणायचं ते बुलेटवरून. काका बुलेट चालवणार. मी त्यांची जपानी घेऊन मागे राहणार, आणि येताना काकींचं बोचकं माझ्या मागच्या सीटवर. फेब्रुवारी महिना होता. काजू मोहरला होता आणि सकाळी हवेत गारवा होता. मी गाडी घेऊन त्यांच्या खळ्यात पोचलो, तर काका इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. बुलेटच्या सीटवर त्यांनी धुतलेला पंचा घडी करून बांधला.

मला जपानी चालवायची सवय नव्हती. बुलेटचा गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. हिचं सगळं उलटं. वळणावर ब्रेक दाबायला जायचो आणि गियर पडायचा, गाडी नाक घासल्यासारखी व्हायची. कुडाळच्या पंपावर टाकी भरायची ठरली होती, पण पंपावर 'पेट्रोल नाही'ची पाटी. काकांनी दोन्ही टाक्या उघडून आत बघितलं, बोटांवर हिशोब केला आणि म्हणाले, "पुरात." पुरेल म्हणजे. पिंगुळी मागे पडली, सावंतवाडी आली, गेली. काका ठरल्याप्रमाणे कुठेही थांबले नाहीत. बांद्यानंतर रस्ता वाईट झाला. मी मागून बघत होतो. प्रत्येक खड्ड्याशी ते गाडी इतकी हळू करत होते की जणू मागे कोणी बसलंय. जातानाच सराव चालला होता.

मेहुण्याचं घर रस्त्यापासून आत, केळीच्या बागेपलीकडे. दोन मोटरसायकलींच्या आवाजाने वाडीतली सगळी माणसं बाहेर आली. मेहुणे आले, त्यांची बायको आली. काकी सगळ्यांच्या मागे दारात उभ्या होत्या. मी काय कल्पना केली होती कोण जाणे. कोणी वाकलेली, आजारी बाई असेल असं वाटलं होतं. त्या ताठ उभ्या होत्या. उंच, काळ्यासावळ्या, हाताला केळीच्या चिकाचे डाग. सकाळपासून बागेत काम करत असणार.

चहा झाला. काजूगर आले. हवापाण्याचं, काजूच्या भावाचं बोलणं झालं. मग काका खुर्चीच्या कडेला सरकले.

"गाडी हाडलंय," ते म्हणाले. "धक्के बसनत नाय. ह्या झिलाक ईचार."

काकींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खरंच बसत नाहीत. आम्ही पाण्याचा तांब्या धरून बघितलंय."

"तांब्यो?" त्या म्हणाल्या. त्यांना हसू आलं होतं की काय, मला अजून सांगता येत नाही. मग त्या आत गेल्या, हात धुऊन, साडी बदलून आल्या. "चला. देवळापर्यंत बघूया," म्हणाल्या.

काकांनी किक मारली. ती पहिल्याच दणक्यात लागली, एरवी तीन-चार तरी लागायच्या. काकी एका अंगाला बसल्या, एक हात सीटच्या पट्ट्याला, दुसरा स्वतःच्या मांडीवर. काकांच्या खांद्याला त्यांनी हात लावला नाही. गाडी इतकी हळू निघाली की वाडीतली पोरं बाजूने चालत जाऊ शकत होती.

मी आणि मेहुणे खळ्यात बसून राहिलो. बराच वेळ गेला. मेहुणे सुपारी कातरत होते. कातरता कातरता म्हणाले, "ती येवची नाय."

"पाठ दुखते म्हणून?"

त्यांनी मान वर केली. "पाठ? भाताचे भारे व्हावता ती. तिची पाठ कशाक दुखात?"

माझ्या हातातले काजूगर तसेच राहिले.

गाडी परत आली. काकी उतरल्या, पदर सारखा केला, आणि सीटवरचा पंचा सोडून त्याची घडी केली. "गाडी बरी आसा," म्हणाल्या. "पाठीक कायएक झाला नाय."

काकांचा चेहरा उजळला. ते गाडीवरच बसून होते, दोन्ही पाय जमिनीला टेकवून. "मगे येतंस?"

"पाठीचां मी उगीच सांगलंय," काकी म्हणाल्या. "तां तुमका ठावक होता."

"माका ठावक नव्हता," काका म्हणाले.

त्या बघत राहिल्या. माणूस खरं बोलतोय की नाही हे बायका बघतात तशा. मग त्यांच्या आवाजातला कोरडेपणा थोडा कमी झाला. "त्या घरात पावसात मी एकटी किती वर्सां रवलंय, ठावक आसा? रात्री समुद्र वाजाक लागलो की वाटायचा, दारात कोणतरी इलोसा. उठान दार उघडलंय तर कोण नाय. तुमी पगार धाडीत होतास, पत्रां धाडीत होतास. मी नाय खंय म्हणनंय? पण माका आता त्या घराक येवचा नाय."

बुलेटचं इंजिन चालूच होतं. शेवटी मीच पुढे होऊन ते बंद केलं.

"तुमका येवचा तेव्हा येवा," काकी म्हणाल्या. "जेवक घालतंय. पण ह्या गाड्ये नको. आवाजान सगळो गाव भायर येता."

त्यांनी पंचा काकांच्या हातात दिला आणि आम्हाला जेवायला बोलावलं. आम्ही जेवलो. काय जेवलो ते मला आठवत नाही. इतकंच आठवतं की काकांना दुसऱ्यांदा भात वाढताना काकींनी विचारलं नाही, नुसता वाढला, आणि त्यांना किती लागतो ते बरोबर ठाऊक होतं.

परतताना काकांनी खड्डे चुकवले नाहीत. सरळ खड्ड्यांतून गाडी घालत गेले. मी मागे, जपानीवर. माझ्या मागची सीट रिकामीच होती. बोचकं बांधायला नेलेली दोरी तशीच गुंडाळलेली. सावंतवाडीच्या पुढे, झारापच्या आसपास जपानी फटफटली, मी रिझर्व्हला लावली, आणि थोड्या वेळाने ती पुरती बंद पडली. हॉर्न वाजवायलाही वेळ मिळाला नाही. बुलेट पुढे निघून गेली. दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी गाडी आंब्याखाली ढकलली आणि बसून राहिलो. काकांच्या लक्षात येईल की नाही, त्याचा मला काहीच अंदाज नव्हता. मालवणपर्यंत मागे न बघता जातील असंच त्यांच्या पाठीवरून वाटत होतं. माझं असं कोणी नाही, जे मी पोचलो नाही तर मागे वळून बघेल, हा विचार मला त्या आंब्याखाली पहिल्यांदा इतक्या उघडपणे आला. कणकवलीतही तसं कोणी नव्हतं. आई होती, पण तिला कळायलाच दोन दिवस लागले असते.

मग लांबून धकधक ऐकू आली.

काका गाडीवरून उतरले. "माझो हिशोब चुकलो," म्हणाले. "तू एक्सलेटर पिरगाळीत इलंस, ता मी हिशोबात धरुक नाय." टपरीतून एक रिकामी बाटली आणली होती. बुलेटच्या टाकीची नळी सोडून त्यात पेट्रोल काढलं, जपानीत ओतलं. पुन्हा काढलं, पुन्हा ओतलं. हात अगदी स्थिर होते. तिसऱ्या बाटलीला ते थांबले आणि आंब्याच्या मुळीवर बसले.

"ती म्हणाली पाठ दुखता, आणि मी पाठीचां औषध करुक गेलंय," ते म्हणाले. "तू तर औषधां इकतंस. तुका तरी कळला?"

"नाही, काका. मलाही नाही कळलं."

"बोटीर इंजिन कायतरी सांगता, तांच खरां आसता. तापला म्हणजे तापला." बाटलीतलं उरलेलं पेट्रोल त्यांनी हलवून बघितलं. "आपण दोघव सारकेच."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा कळलं, आणि बरं वाटलं नाही. पण त्यांच्या शेजारी बसलो. हायवेवरून दोन ट्रक गेले.

त्यानंतर रविवारच्या परीक्षा संपल्या. मी एक-दोनदा गेलो, पण आम्हाला बोलायला विषय राहिला नव्हता. दोन्ही गाड्या खळ्यात शेजारी उभ्या असायच्या आणि आम्ही त्यांच्याकडे बघायचंही टाळायचो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काकांनी जपानी काढून टाकली. गोव्यातला एक तरुण येऊन घेऊन गेला. त्याने एव्हरेज विचारलं, काकांनी खरं ते सांगितलं, आणि तो हसून म्हणाला, एव्हरेज बघून कोण घेतं ही गाडी?

पुढे एप्रिलमध्ये ते मला कुडाळच्या एसटी स्टँडवर दिसले. मी डॉक्टरांकडून येत होतो. ते बाकावर बसले होते, पायाशी एक पिशवी, पिशवीतून सुक्या बांगड्यांचा वास. दोडामार्गाच्या गाडीची वाट बघत होते.

"एसटीने?" मी विचारलं.

"गाडी नको म्हणान सांगल्यान ना," ते म्हणाले. "म्हयन्यान दोनदा जातंय. सकाळी जावचा, दोन वाढपां जेवचा, सांजच्या गाडयेन परत."

"काकी येणार म्हणतात का?"

"मी ईचारूचा सोडलंय." मग म्हणाले, "त्येंच्या बागेतल्या पाण्याच्या पंपाचो वाल्व गळता. तो करून देतंय. माका तिना सांगूक नाय, मीच बघलंय."

त्यांची गाडी लागली. खच्चून भरलेली होती. आत चढताना त्यांनी माझ्या दंडाला नुसता हात लावला. खिडकीत जागा मिळाली नाही, त्यामुळे मग ते दिसलेच नाहीत. मी स्टँडवरच्या गर्दीत थोडा वेळ उभा राहिलो. मग बॅग सीटवर आवळली आणि कणकवलीला आलो. रस्त्यात त्या दिवशी मी काही बोललो नाही. गाडीवर एकट्याने बोलायची सवयच हळूहळू गेली होती.

मे संपता संपता माझी बदली आली. सोलापूर. मी निरोप घ्यायला मालवणला गेलो. मुंबईहून मागवलेला चांगला चहा बरोबर नेला होता, त्यांना कडक चहा लागायचा. घर बंद होतं. पावसाळ्यासाठी घराला माडाच्या विणलेल्या झापांचा आडोसा बांधून झालेला, खिडक्यांना फळ्या मारलेल्या. सगळं त्यांच्या पद्धतीने, एकसारख्या अंतरावर खिळे. मी हाका मारल्या. शेजारची म्हातारी पाटातल्या पाण्यातून बाहेर आली.

"ते नाय हत. दोडामार्गाक गेले. पावसाळो थंयच काढतले म्हणान सांगल्यानी."

"काकींकडे?"

"तर! आनी खंय?" म्हातारी मला निरखत होती. "चतुर्थेक येतीत. तिका घेवन येतीत की एकटेच, तां देव जाणा. तुमी कोण?"

मी तिच्या हातात चहाची पुडी दिली आणि काकांना द्यायला सांगितलं.

"कोणी दिली म्हणान सांगू?"

नाव सांगून तिच्या लक्षात राहिलं नसतं. "बुलेटवाला येऊन गेला म्हणून सांगा," मी म्हटलं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी खोली सोडली. गिरणीवाल्याने गाडी ट्रकमध्ये चढवायला मदत केली, हँडल बांधून घेतलं आणि विचारलं की सोलापुरात ओळखीचं कोण आहे. मी म्हटलं, कोणी नाही. तो म्हणाला, हयसर इललंस तेव्हा तरी वळखीचा कोण होता? आणि ट्रकच्या फळीवर थाप मारली.